निकॉन डी७०: जुन्या मालकांची मतं आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँडमध्ये डी७० आता अगदी स्वस्तात मिळतो, कुणाच्या काकांच्या कपाटातून निघतो, कुणी शिकायला म्हणून घेतो, आणि मग तेच प्रश्न फिरून फिरून येतात. मी हा कॅमेरा बरीच वर्षं वापरलाय, अजूनही वापरतो, आणि वापरणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलणं झालंय, त्यावरून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

हा कॅमेरा कधीचा, आणि एवढं कौतुक कशाचं?

निकॉनने २८ जानेवारी २००४ ला जाहीर केला आणि मार्चमध्ये तो दुकानात आला. अमेरिकेत नुसत्या बॉडीची (लेन्सशिवाय कॅमेऱ्याची) किंमत ९९९ डॉलर, १८-७० मिमी झूम लेन्ससकट १,२९९ डॉलर. आज हे आकडे नुसते वाचून काही वाटणार नाही, पण १९९९ चा निकॉन डी१ पाच हजार डॉलरच्या घरात होता आणि २००२ चा डी१०० दोन हजारांना होता, म्हणजे दोन वर्षांत किंमत निम्म्यावर आली आणि वर कॅमेरा जास्त चपळ झाला. फिल्मवर काम करणारे जे लोक "डिजिटल अजून परवडत नाही" म्हणून थांबले होते त्यातले कितीतरी जण याच कॅमेऱ्याने डिजिटलवर आले.

आपल्याकडे तेव्हा निकॉनची स्वतःची कंपनी नव्हती, निकॉन इंडिया २००७ ला सुरू झाली. त्यामुळे सुरुवातीचे बरेच डी७० अमेरिकेतून, दुबईतून, सिंगापूरहून कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून आलेले. म्हणून आजही सेकंडहँड पीस बघायला गेलात की बिल, वॉरंटी कार्ड वगैरे काही नसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कॅनन ३००डी आधी आला होता ना? मग तो का नाही?

बरोबर, ३००डी ऑगस्ट २००३ चा, आणि हजार डॉलरच्या आत लेन्ससकट डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरशाचा डिजिटल कॅमेरा) देणारा पहिला तोच, ते श्रेय त्याचंच. सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) ६.३ मेगापिक्सेलचा, फोटो छान, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० पासून सुरू. पण दोन्ही हातात धरून बघितलेल्यांचं मत जवळपास एकच असायचं, डी७० झटपट आहे. ऑन केला की तयार, ३००डी ला जागं व्हायला दोन-तीन सेकंद लागायचे आणि तेवढ्यात समोरचा क्षण गेलेला असायचा. ३००डी सलग चार फोटो घेऊन थांबायचा, डी७० चांगल्या कार्डवर जेपेग (नेहमीची फोटो फाइल) मध्ये सेकंदाला तीनच्या वेगाने काढतच राहतो. डी७० ला दोन डायल आहेत, एक अंगठ्याशी आणि एक पहिल्या बोटाशी, म्हणजे शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) दोन्ही डोळा न हलवता बदलता येतात. माझ्या मते डी७० लोकांच्या हातात टिकला तो या दोन डायलमुळे, मेगापिक्सेलमुळे नाही.

आज २०२० नंतरच्या काळात ६ मेगापिक्सेल पुरतात का?

फाइल ३००८ × २००० पिक्सेलची येते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १० × ६.५ इंचाची प्रिंट, २०० डीपीआयला १५ × १० इंच. १२ × १८ ची प्रिंट भिंतीवर लावून दोन हात लांबून बघितली तर कुणी नाव ठेवत नाही. मोबाइलवर, व्हॉट्सअॅपवर तर प्रश्नच नाही. अडचण येते ती कापाकापीची, पक्ष्याचा फोटो लांबून काढून मग अर्धा कापायचा असेल तर हा कॅमेरा तुमचा नाही. फ्रेम काढतानाच नीट लावावी लागते.

रंगांबद्दल एवढं काय बोलतात लोक? "सीसीडीची जादू" खरी का?

सेन्सर सोनीचा, २३.७ × १५.६ मिमीचा सीसीडी (सेन्सरचा एक जुना प्रकार). याच घराण्यातला ६ मेगापिक्सेल सेन्सर डी१००, डी५०, डी४० मध्ये आणि पेंटॅक्स, कोनिका मिनोल्टाच्या काही कॅमेऱ्यांतही होता. सीसीडी आहे म्हणून रंग चांगले असं सरळ म्हणणं मला पटत नाही, रंग ठरतो तो सेन्सरवरच्या फिल्टरने आणि कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोसेसिंगने. पण डी७० च्या फाइल्स चांगल्या उजेडात सुंदर येतात हे मात्र शंभर टक्के खरं. सकाळच्या उन्हातली त्वचा, श्रावणातलं हिरवं, झेंडूचा केशरी, हे सगळं फार काही न करता बरोबर दिसतं. आणि सेन्सरसमोरचा अँटी-अलायझिंग फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारा) अगदी हलका आहे त्यामुळे ६ मेगापिक्सेल असूनही तपशील टोकदार दिसतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. बारीक विणीच्या कापडावर मॉइरे येतं, म्हणजे नसलेले रंगीत पट्टे दिसायला लागतात. इरकलच्या बारीक चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या आजींचा फोटो काढा, एका ठराविक अंतरावरून पदरावर निळे-पिवळे ओरखडे आल्यासारखे दिसतील. अर्धा पाऊल पुढे किंवा मागे सरकलं की जातात. लग्नाचं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, सुटाच्या कापडावर पण होतं.

आयएसओ २०० च्या खाली जात नाही, त्याने त्रास होतो का?

थोडा होतो. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी दुधासारखं करायचं असेल तर २०० वर शटर पुरेसं हळू होत नाही, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लागतोच. बाकी वेळी काही फरक पडत नाही कारण शटर १/८००० सेकंदापर्यंत जातं.

वरच्या बाजूला १६०० ही हद्द. ४०० बिनधास्त, ८०० पण चालतो, १६०० ला दाणे दिसतात पण ते फिल्मच्या ग्रेनसारखे बारीक असतात, चेहऱ्यावर रंगांचे डाग पडून मेणाचा पुतळा होत नाही. कृष्णधवल केलं तर मला १६०० आवडतो सुद्धा. मात्र एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) कमी पडलं आणि नंतर कॉम्प्युटरवर उचलायला गेलात तर सावल्यांत घाण येते, हे आताच्या सेन्सरसारखं नाहीये, जागेवरच बरोबर काढायचं. ट्रायपॉडवर मिनिटभराचं एक्स्पोजर दिलं तर फ्रेमच्या कडेला जांभळट चकाकी येते, ती सेन्सरजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सची असते. नॉइज रिडक्शन चालू ठेवलं की बरीच कमी होते, फक्त जेवढं एक्स्पोजर तेवढाच वेळ परत थांबावं लागतं.

फ्लॅश सिंक १/५०० म्हणजे काय, आणि त्याचा फायदा काय?

हा डी७० चा सगळ्यात मोठा गुण आहे आणि नवीन लोकांना तोच माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिंक म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग.

साध्या डीएसएलआरमध्ये शटरचे दोन पडदे असतात, ठराविक वेगापुढे दोन्ही पडद्यांमधली फक्त एक फट सेन्सरवरून सरकते आणि त्यावेळी फ्लॅश उडाला तर फोटोचा एक पट्टाच उजळतो. म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांची हद्द १/२०० किंवा १/२५० असते, ३००डी ची १/२०० होती. डी७० मध्ये पडदे आहेतच, पण वेगवान एक्स्पोजरला वेळ मोजायचं काम सेन्सर स्वतः इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो, पडदे पूर्ण उघडे असतात. त्यामुळे सिंक थेट १/५०० वर जातो.

भर दुपारी बारा वाजता अंगणात नवरा-नवरीचे फोटो काढायचेत. डोक्यावर ऊन, डोळ्यांखाली काळ्या खोबणी. फ्लॅशने चेहरा भरायचा तर मागचं आकाश पांढरं होऊ नये म्हणून एक्स्पोजर कमी हवं, १/२०० ला त्यासाठी अॅपर्चर एफ/१६ करावं लागतं आणि मग फ्लॅशची ताकद पुरत नाही. १/५०० ला तेच एफ/१० च्या आसपास होतं आणि छोट्या फ्लॅशचंही काम होतं. एकाच स्टॉपचा (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा) फरक वाटतो, पण ज्याने उन्हात काम केलंय त्याला विचारा.

पुढची गंमत म्हणजे साधा, मॅन्युअल, एकाच पिनचा फ्लॅश लावला (कॅमेऱ्याला तो निकॉनचा आहे हे कळत नाही असा) तर १/५०० च्या पुढेही सिंक होतो, १/१०००, १/२००० पण जमतं, फक्त फ्लॅशचा लखलखाट त्याहून कमी वेळाचा हवा म्हणून पॉवर कमी ठेवायची. आता नवे कॅमेरे हाय-स्पीड सिंक (जलद शटरला फ्लॅश भराभर लुकलुकवत ठेवणं) करतात पण त्यात फ्लॅशची ताकद खूप वाया जाते, इथे तसं होत नाही.

शिवाय कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश कमांडर म्हणून चालतो, निकॉनचा एसबी-६०० किंवा एसबी-८०० फ्लॅश बाजूला ठेवून वायरशिवाय उडवता येतो. या किमतीत २००४ ला हे देणं मोठी गोष्ट होती. एक सांगून ठेवतो, मुख्य लखलखाटाआधी बारीक प्री-फ्लॅश उडतो आणि काही लोकांचे डोळे त्यानेच मिटतात, त्यामुळे ग्रुप फोटो दोन-तीन काढा.

सूर्य फ्रेममध्ये आला की उभी पांढरी रेघ येते. सेन्सर गेला का?

नाही नाही. वर सांगितलेल्या इलेक्ट्रॉनिक शटरचीच ही दुसरी बाजू. खूप तेजस्वी बिंदूतला चार्ज त्या उभ्या ओळीत सांडतो आणि वेगवान शटरला रेघ दिसते. कोकणात समुद्रावर सूर्यास्त काढताना हमखास येते. अॅपर्चर बारीक करून शटर हळू केलं की जाते, किंवा सूर्य थोडा ढगाआड, माडाआड घ्या.

फोकसबद्दल तक्रारी ऐकल्यात, खऱ्या आहेत?

पाच फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडतो. बहुतेक जुने मालक मधलाच वापरतात, फोकस लॉक करून मग फ्रेम हलवतात. दिवसा काही त्रास नाही, रात्री गणपतीच्या मांडवात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात बाजूचे पॉइंट चाचपडतात.

सुरुवातीच्या काळात काही पीसमध्ये बॅक-फोकसची तक्रार होती, म्हणजे डोळ्यावर धरलं आणि कान टोकदार आला. लोक ४५ अंशात पट्टी ठेवून चाचण्या करत बसायचे. मिरर बॉक्समध्ये एक छोटा अॅलन स्क्रू असतो, तो फिरवून काही जणांनी घरी दुरुस्त केलंय, पण आरशाजवळ हत्यार घालणं मी कुणाला सुचवणार नाही, कॅमेरा उघडणाऱ्या कारागिराकडेच द्या.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) लहान आहे, पेंटामिररचा (आरशांचा), ०.७५ पट आणि ९५ टक्के फ्रेम दाखवणारा. चष्मा असेल तर कोपरे बघायला डोळा फिरवावा लागतो. फिल्म कॅमेऱ्यावरून आलेल्या प्रत्येकाची ही पहिली तक्रार, आणि ती रास्तच आहे. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे मेन्यूतून आडव्या-उभ्या रेघा चालू करता येतात, क्षितिज सरळ ठेवायला फार उपयोगी.

कुठल्या लेन्स चालतात? दुकानदार म्हणतो सगळ्या चालतात.

सगळ्या नाही. बॉडीत फोकस मोटर आहे, त्यामुळे निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स (स्वतःची मोटर नसलेल्या) ऑटोफोकस होतात, डी४० मध्ये ही सोय नव्हती. ५० मिमी एफ/१.८ डी ही स्वस्तातली लेन्स लावा, दीडपट क्रॉपमुळे (सेन्सर फिल्मपेक्षा लहान म्हणून) ती ७५ मिमीसारखी वागते, पोर्ट्रेटला झकास. एएफ-एस लेन्स (आत मोटर असलेल्या) चालतात. मॅन्युअल एआय लेन्स (हाताने फोकस करायच्या जुन्या) बसतात पण मीटर (उजेड मोजणारा) बंद होतो, एम मोडवर (सगळं हाताने) अंदाजाने काढून स्क्रीनवर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा. एआय च्याही आधीच्या अगदी जुन्या लेन्स जबरदस्तीने बसवू नका, बॉडीचं नुकसान होतं. आणि नवीन एएफ-पी लेन्स घेऊ नका, त्या फोकसच होत नाहीत. ई प्रकारच्या (अॅपर्चर विजेवर चालणाऱ्या) लेन्सचं अॅपर्चर चालत नाही.

किटमधली १८-७० ठेवू की विकू?

ठेवा! एफ/३.५-४.५, धातूचा माउंट, माउंटला रबरी कडा, फोकस शांत आणि पटकन. १८ ला कडा बाहेर फुगतात आणि कोपरे थोडे काळपट होतात, ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतं. नंतरच्या किट लेन्स हलक्या आणि प्लॅस्टिकच्या झाल्या, ही त्या मानाने खणखणीत आहे.

हिरवा दिवा लुकलुकतोय आणि कॅमेरा चालूच होत नाही. काय करू?

हा डी७० चा सगळ्यात कुप्रसिद्ध आजार. कार्डाजवळचा हिरवा दिवा एकसारखा लुकलुकत राहतो आणि कॅमेरा कशालाच दाद देत नाही. निकॉनने हा दोष मान्य करून वॉरंटी संपलेले कॅमेरेही मोफत दुरुस्त करून दिले होते, तो काळ आता गेला. आधी साध्या गोष्टी करून बघा: बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स काढा, थोडा वेळ तसाच ठेवा, लेन्सचे आणि बॅटरीचे पितळी कॉन्टॅक्ट कोरड्या सुती कापडाने पुसा, दुसऱ्या खात्रीच्या बॅटरीवर लावून बघा. कधी कधी कार्डच बिघडलेलं असतं. एवढं करूनही दिवा थांबला नाही तर आतला बोर्ड गेलाय असं समजा. दुसऱ्या बंद डी७० चा बोर्ड घालून चालू करणारे कारागीर आहेत, पण तेवढ्या पैशात कदाचित दुसरा चालू कॅमेराच मिळेल, आधी भाव विचारा.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

स्वतःचं कार्ड आणि शक्य असेल तर स्वतःची बॅटरी घेऊन जा. हा कॅमेरा एसडी कार्ड घेत नाही, जाड कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं. कार्डाच्या खाचेत मोबाइलचा टॉर्च मारा आणि आत डोकावून बघा, ५० बारीक पिना दोन ओळींत उभ्या दिसतील, एकसुद्धा वाकलेली असेल तर घेऊ नका, कुणीतरी कार्ड तिरकं घुसवलेलं असतं. मग एक जेपेग काढा, ती फाइल घरी किंवा मोबाइलवर एक्झिफ (फाइलमध्ये लिहिलेली फोटोची माहिती) दाखवणाऱ्या अॅपमध्ये उघडा, शटर किती वेळा पडलंय तो आकडा आत लिहिलेला असतो.

पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एफ/२२ वर फोटो काढून धूळ बघा, धूळ साफ होते पण ओरखडा जात नाही. ग्रिपचं रबर निघालंय का दाबून बघा, ते चिकटवता येतं, म्हणून त्यावर फक्त भाव पाडून घ्या. तारीख राहत नसेल तर आतल्या घड्याळाचा सेल थकलाय, फोटोवर त्याचा परिणाम नाही. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आपल्या हवेत ती फार असते, अशी लेन्स फुकट दिली तरी इतर लेन्सबरोबर ठेवू नका.

मुंबईत फोर्टात बोरा बाजारात जुने कॅमेरे अजून हातात घेऊन बघायला मिळतात, ऑनलाइन फोटो बघून घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बॅटरी मिळते का अजून?

मूळ बॅटरी ईएन-ईएल३. तिच्या जागी नंतरची ईएन-ईएल३ई बिनदिक्कत चालते आणि तीच शोधा, डी९०, डी३०० वाल्यांमुळे अजून मिळते. २००५ मध्ये काही जुन्या ईएन-ईएल३ गरम होत असल्यामुळे परत मागवल्या होत्या, त्यामुळे फुगलेली किंवा गरम होणारी जुनी बॅटरी वापरूच नका. बॅटरी चांगली असेल तर चार्ज खूप टिकतो, मागची स्क्रीन लहान असल्याचा हा एक फायदा.

रॉ काढू की जेपेग?

बॅटरी-कार्डाची घाई नसेल तर रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). फाइल पाच-सहा एमबीची, म्हणजे २ जीबीच्या कार्डात तीनशेच्या वर बसतात. मात्र रॉ मध्ये सलग चारच्या आसपास काढले की कॅमेरा दमतो, लेझीम किंवा कबड्डी काढायची असेल तर जेपेगच ठेवा. रॉ + जेपेग ठेवलं तर जेपेग बेसिक दर्जाचाच मिळतो. लाइटरूम, डार्कटेबल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सगळ्यात या फाइल्स उघडतात. केबलने कॉम्प्युटरवर टाकायला जाऊ नका, खूप वेळ लागतो, सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड रीडर घ्या.

मीटरबद्दल एक. मॅट्रिक्स मीटर (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारा) फोकस पॉइंटखाली काय आहे त्याला बरंच महत्त्व देतो, काळ्या कपड्यावर पॉइंट पडला तर मागचं आकाश उडतं. उन्हात मी एक्स्पोजर -०.३ वर ठेवतो आणि हिस्टोग्रामवर नजर ठेवतो.

डी७०एस आणि डी७० मध्ये काय फरक?

डी७०एस एप्रिल २००५ चा. स्क्रीन १.८ ऐवजी २ इंच, वायरच्या रिमोटची सोय, थोडी जास्त क्षमतेची बॅटरी, फ्लॅशचा झोत जरा रुंद. फोटोत फरक नाही. डी७० ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) २.० टाकलं की नवा मेन्यू आणि सुधारलेला फोकस त्यालाही मिळतो. दोन्ही समोर असतील तर ज्याची हालत चांगली तो घ्या.

इन्फ्रारेडला हा कॅमेरा चांगला असं का म्हणतात?

कारण सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर कमजोर आहे, बराच अदृश्य उजेड आत येतो. आर७२ फिल्टर (जवळपास फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा) लावला की पानं बर्फासारखी पांढरी आणि आकाश काळं येतं, कॅमेऱ्यात काही बदल न करता. फिल्टर डोळ्याला जवळपास काळाच असतो त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून काही दिसत नाही, म्हणून आधी ट्रायपॉडवर फ्रेम लावा, फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर लावा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वडा-पिंपळाची झाडं काढून बघा, ज्या वेळेला बाकी फोटोग्राफर घरी बसतात त्या वेळेला याचं काम चालू होतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हिरव्या गवतावर सेट केला तर लाल छटा बरीच जाते.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

याला पाण्यापासून संरक्षण नाही. वारीत, ट्रेकला न्यायचा तर प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक, रबर बँड. घरी आल्यावर लगेच कपाटात कोंबू नका, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, बॅटरी काढून ठेवा, आणि जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर गरम करून परत वापरा. चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, ती ओल धरते आणि बुरशी तिथूनच लेन्सवर चढते.